पेरणीच्या घडीचे खत
रब्बीच्या करडई व जवस पिकांविषयी एक पाठ
शास्त्रभाग : यशया २८:२३–२९, लूक १३:६–९



पावसाळा सरत आला म्हणजे सटाण्याच्या बाजारात दोन प्रकारचे शेतकरी दृष्टीस पडतात. पहिले कांद्याचे व डाळिंबाचे; त्यांच्या गाड्या खताच्या गोण्यांनी भरलेल्या असतात. दुसरे आमच्या कोरडवाहू गावांतील, ते करडईचे किंवा जवसाचे चार-दोन किलो बी पिशवीत बांधून घेतात, आणि खताविषयी विचारले असता हसून म्हणतात, "करडईला कसले खत? ती कशीही येते." एकाने पिकाला पचणार नाही इतके घालावे आणि दुसऱ्याने काहीच घालू नये, ही दोन्ही टोके होत. त्यांच्यामध्ये जी शहाणपणाची वाट आहे ती ह्या पाठात दाखवावी असा आमचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, मंडळीच्या पत्रात खताची गोष्ट कशाला? त्यास यशया संदेष्टा उत्तर देतो. नांगरणारा सदासर्वदा नांगरीतच राहत नाही. भुई सपाट झाल्यावर तो शहाजिरे व जिरे टाकतो आणि गहू, जव ही आपापल्या जागी पेरतो. आणि ही रीत त्याला त्याचा देव शिकवतो, असे त्या भागाचे सांगणे आहे. योग्य वेळ व योग्य जागा ओळखणे हे जर देवाने दिलेले ज्ञान आहे, तर ते मंडळीत सांगण्यास लाजावयाचे कारण नाही. विल्यम केरी साहेबांनी शास्त्राची भाषांतरे करीत असतानाच १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांसाठी संस्था स्थापिली. सॅम हिगिनबॉटम साहेबांनी अलाहाबादेस १९१० साली शेतकीची शाळा काढली. सुवार्ता सांगणाऱ्यांनी नांगराला परका मानले नाही.

एक शेत, आणि आमची चूक

काही वर्षांमागे आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूने दोन एकर करडई पेरली. पेरताना त्याने खत घातले नाही. महिन्याभराने पीक जमिनीला बिलगलेले व फिकट पाहून तो घाबरला, आणि उधारीवर युरियाच्या चार गोण्या आणून त्याने त्या उभ्या पिकात हाताने फेकल्या. पाऊस गेलेला होता, विहीर नव्हती. पांढरे दाणे कित्येक दिवस ढेकळांवर तसेच दिसत होते. पीक काही सुधारले नाही, बोंडे बारीक राहिली, आणि करडई विकून आलेला पैसा उधारी फेडण्यासही पुरला नाही.

ह्याहून जड गोष्ट पुढे आहे. गावातील काही जण म्हणाले, "ह्याने यंदा पेरणीला नारळ फोडला नाही, म्हणून शेत रुसले." तो बंधू आमच्याकडे आला आणि खाली मान घालून विचारू लागला, "पाळकसाहेब, खरेच का देवाने माझे शेत टाकले?"

आम्ही त्याच्याबरोबर प्रार्थना केली. ते योग्यच होते. परंतु आमच्या ध्यानात आले की, पेरणीच्या आधी तो दोनदा आमच्या ओट्यावर येऊन बसला होता, आणि आम्ही त्याला विश्वासाविषयी पुष्कळ सांगितले, पण खताविषयी एक शब्दही विचारला नाही. शेत रुसले नव्हते. देवानेही टाकले नव्हते. खत चुकीच्या वेळी व चुकीच्या जागी पडले होते, आणि ज्यांनी आधी विचारावयास हवे होते ते आम्ही गप्प होतो. तेव्हापासून आम्ही ह्या विषयाचा अभ्यास केला; त्याचे सार पुढे देतो.

खत पेरणीच्याच वेळी का?

बागलाणाचा पश्चिम भाग साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडे चढतो व तेथे पाऊस पुष्कळ पडतो; पूर्वेकडे उतरावे तसतसा तो कमी होत जातो. मोसम व आरम ह्या नद्यांच्या काठी पूर्वापार फड पद्धतीने पाणी वाटले गेले, आणि मोसमवरील हरणबारी व आरमवरील केळझर ह्या धरणांनी आणखी काही शेते भिजली. परंतु पाटापासून दूर असलेल्या शेताला हस्ताचा पाऊस हाच बहुधा शेवटचा. त्यापुढे पीक जगते ते काळ्या जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर.

ही ओल वरून खाली आटत जाते. दिवाळीनंतर वरचा चार बोटांचा थर कोरडा पडतो व भेगा धरू लागतो. ओलावा असतो तो खाली. आता हे लक्षात घ्यावे की, मुळाला खत चावून खाता येत नाही, ते पाण्यात विरघळलेले प्यावे लागते. कोरड्या थरावर पडलेले खत म्हणजे बंद कोठारातील धान्य; असून नसल्यासारखे.

त्यातही प्रत्येक खताचा स्वभाव निराळा आहे. युरिया उघड्यावर पडला तर थोड्याशा दहिवरानेही त्याचा अमोनिया वायू होऊ लागतो आणि नत्राचा काही भाग हवेत उडून जातो. आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे अधिकच घडते. मातीने झाकला तर तोच नत्र जमिनीत धरून राहतो. स्फुरद उडून जात नाही, पण तो जेथे पडला तेथून दोन-चार बोटांपलीकडे सरकतही नाही. शिवाय जमिनीतील चुना त्याला बांधून टाकतो. सगळ्या रानभर फेकला तर तो जास्त मातीला लागतो व जास्त बांधला जातो. बियाण्याच्या ओळीखाली पट्ट्याने पेरला तर कमी बांधला जातो आणि कोवळ्या मुळाच्या वाटेवरच सापडतो.

पिकाचा स्वभावही पाहावा. करडई पहिला महिनाभर जमिनीला चिकटून बसलेली दिसते. वरून पाहणाऱ्याला वाटते की पीक झोपले आहे. परंतु त्याच दिवसांत तिचे सोटमूळ ओलीच्या मागे खोल उतरत असते, आणि पुढे ज्या फांद्यांना बोंडे यावयाची त्यांचा पाया तेव्हाच घातला जातो. ह्या काळात अन्न मिळाले नाही तर मागाहून घातलेल्या खताने ती उणीव भरून येत नाही. म्हणून कोरडवाहू करडईला व जवसाला सर्व खत पेरतानाच द्यावे, पुढे वरून काही टाकू नये, हा नियम मनात पक्का धरावा.

किती द्यावे?

कोरडवाहू करडईला हेक्टरी ५० किलो नत्र व २५ किलो स्फुरद अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकराचा हिशोब केला तर २० किलो नत्र व १० किलो स्फुरद होते. ही नावे गोणीवर सापडत नाहीत, म्हणून गोणीचा हिशोब सांगतो.

युरियात शंभर भागांत ४६ भाग नत्र असते. त्याची गोणी २०१८ सालापासून ४५ किलोची झाली आहे. तेव्हा एका गोणीत सुमारे २० किलो नत्र आले. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शंभरात १६ भाग स्फुरद असतो. १० किलो स्फुरदासाठी साधारण ६२ किलो, म्हणजे ५० किलोच्या गोणीच्या हिशोबाने सव्वा गोणी लागते. तेव्हा करडईच्या एका एकराला युरिया एक गोणी व सुपर सव्वा गोणी, इतके पाठ करावे. ह्याहून अधिक कोणी घ्यावयास सांगितले तर कशासाठी ते विचारावे.

कोरडवाहू जवसाला हेक्टरी २५ किलो नत्र व २५ किलो स्फुरद पुरतो. एकरी युरिया सुमारे २२ किलो, म्हणजे अर्धी गोणी. आणि सुपर करडईइतकेच, सव्वा गोणी.

आमचे काही बंधू सुपरऐवजी डीएपी घेतात, कारण ते वाहून नेण्यास हलके पडते. त्यात शंभरास १८ भाग नत्र व ४६ भाग स्फुरद असतो हे खरे. परंतु त्यात गंधक नसते. सुपरमध्ये शंभरास सुमारे ११ भाग गंधक असते. सव्वा गोणीबरोबर एकराला जवळजवळ ७ किलो गंधक आपोआप मिळते. तेलबियांना हे विशेष लागते, कारण दाण्यातील तेल व प्रथिने घडण्यास गंधकाचे काम पडते. मोहरीच्या जातीच्या पिकांना तर त्याची भूक सर्वांहून अधिक. तेव्हा तेलबियांसाठी सुपर हेच बरे. डीएपीच घेतले असेल, तर गंधकासाठी जिप्सम पेरणीपूर्वी जमिनीत मिसळावे, आणि डीएपीतून येणारे नत्र मोजून तितका युरिया कमी करावा.

पालाशाविषयी लोक विचारतात. आमच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसा असतो, म्हणून ह्या पिकांना तो सरसकट सांगितलेला नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत कमतरता असू शकते. ते माती तपासूनच ठरवावे.

ज्यांच्या शेताला पाण्याची सोय आहे त्यांचा नियम थोडा निराळा. बागायती जवसाला हेक्टरी ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद सांगितला आहे. त्यातील सर्व स्फुरद व अर्धे नत्र पेरताना द्यावे. राहिलेले अर्धे नत्र महिन्याभराने, पाणी देण्याच्या वेळी द्यावे. पाणी असल्याने ते मुळापर्यंत पोहोचते. हाच बागायतीचा नियम कोरडवाहू शेतावर नेला म्हणजे आमच्या त्या बंधूसारखी फसगत होते. त्याने शेजाऱ्याच्या कांद्याला पाहिले. आपल्या शेतात पाट नाही हे पाहिले नाही.

कसे द्यावे?

पहिले, शेणखत. ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत त्याने एकरी २ टन, म्हणजे साधारण चार गाड्या, चांगले कुजलेले शेणखत शेवटच्या कुळवणीपूर्वी पसरून मिसळावे. मेंढरांचा वाडा रानात बसवण्याची आपल्याकडील चाल फार चांगली आहे. ती सोडू नये. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात, ही मात्र जुनी हानी आहे. डॉक्टर फोल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानभर फिरून १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्याने हेच दाखवले की शेतकरी खताची किंमत जाणत नाही असे नव्हे. जळण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो. ज्यांच्या घरी आता गॅस आला आहे, त्यांनी तरी हे शेण जमिनीला परत द्यावे.

दुसरे, वेळ. करडईची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, म्हणजे उत्तरा सरताना ते हस्त संपेपर्यंत साधावी. उशीर झाला तर ओल खाली जाते, आणि थंडीत मावा पिकावर अधिक पडतो. जवस ऑक्टोबराच्या आरंभी पेरावे.

तिसरे, पाभर. दोन चाड्यांची पाभर ह्या कामी उत्तम. एका चाड्यातून खत व दुसऱ्यातून बी सोडावे. खत बियाण्याच्या दोन-तीन बोटे खाली किंवा बाजूस पडले पाहिजे. तशी पाभर नसेल तर आधी खत खोल पेरून घ्यावे आणि मग त्याच तासावर बी थोडे उथळ पेरावे. ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र भाड्याने आणणाऱ्याने खताची व बियाण्याची नळी वेगळी आहे ना, हे काम सुरू होण्यापूर्वीच पाहावे.

चौथे, सावधगिरी. बी व युरिया एका चाड्यात कधीही मिसळू नये. युरियाच्या तेजाने कोंब जळतो आणि उगवण विरळ होते. युरिया व सुपर एकत्र करून ठेवू नये. ते ओलसर होऊन गोळे बनतात व नळी तुंबते. मिसळावयाचे तर त्याच दिवशी, पाभर जुंपण्याच्या वेळी मिसळावे. बियाण्याला जिवाणू खत चोळले असेल तर ते सावलीत सुकवावे व रासायनिक खतास लागू देऊ नये.

पाचवे, विरळणी. करडईचे बी एकरी ४ किलो पुरे. उगवून दहा-बारा दिवस झाले म्हणजे दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटावी. त्यांची भाजी घरी होते. दाट पिकात तेच खत व तीच ओल पुष्कळ तोंडांत वाटली जाते आणि कोणाचेच पोट भरत नाही.

कर्जाविषयी दोन शब्द

खत हे आंधळेपणाने विकत घ्यावयाची वस्तू नव्हे. पेरणीपूर्वी माती तपासून घ्यावी. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी, सगळी एकत्र मिसळून तिचे चार वाटे करावे, समोरासमोरचे दोन टाकावे, आणि असे करीत अर्धा किलो उरवावी. झाडाखालची, बांधाजवळची किंवा उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. सरकारने २०१५ साली जमीन आरोग्यपत्रिकेची योजना सुरू केली. त्या पत्रिकेत कोणते द्रव्य कमी व कोणते पुरेसे हे लिहिलेले असते. ज्याला वाचता येत नाही त्याला उपदेशक बंधूंनी ती वाचून दाखवावी. ही सुद्धा सेवा आहे.

आणि ज्या बंधूजवळ सर्व खताला पैसा नाही, त्याने उधारीवर दुप्पट आणण्यापेक्षा जवळ असेल तितकेच आणावे, पण बियाण्याखाली पेरावे. दोन एकरांवर फेकलेल्या चार गोण्यांपेक्षा मातीत नीट पेरलेली एक गोणी अधिक काम करते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. अशा वेळी घराच्या वापराचे तेल घरच्या करडईतून निघाले आणि पेंड जमिनीला किंवा जनावराला मिळाली, तर त्या कुटुंबाला तेवढा आधार झाला.

उपदेशकांसाठी

लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून धनी ते तोडावयास सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. परंतु तो नुसती मुदत मागत नाही. आपण भोवताली खणू व खत घालू, असे तो कबूल करतो. त्याच्या विनंतीबरोबर त्याचे कुदळ व टोपलेही आहे. आम्ही त्या बंधूसाठी मुदत मागितली, पण कुदळ उचलली नाही. ही आमची उणीव आम्ही ह्या दाखल्यात वाचतो.

ह्यात दुसरी एक शिकवण आहे. कोरडवाहू पिकाप्रमाणे आपल्या पुष्कळ नव्या विश्वासणाऱ्यांना पुढे पाऊस मिळावयाचा नसतो. बाप्तिस्मा झाल्यावर तो कामासाठी परगावी जातो, किंवा गावात एकटा राहतो. महिनोन्‌महिने त्याला उपासना लाभत नाही. त्याची मुळे कोवळी आहेत तोवरच शास्त्राचे वचन, प्रार्थनेची सवय व बंधुप्रीतीचा अनुभव त्याच्या मुळापाशी पोहोचला पाहिजे. पुढे संकटाचे ऊन तापल्यावर वरून फेकलेला उपदेश ढेकळांवर पडलेल्या युरियासारखा उडून जातो. पहिल्या महिन्यात तो शिष्य वाढताना दिसणार नाही. करडईसारखा जमिनीला बिलगून बसलेला दिसेल. त्यामुळे निराश होऊ नका. मूळ खाली जात असते.

त्या बंधूने पुढील हंगामात पुन्हा करडई पेरली. ह्या वेळी आम्ही पेरणीच्या आदल्या दिवशी त्याच्या ओट्यावर बसलो, गोणीचा हिशोब कागदावर मांडला, आणि सकाळी पाभर जुंपण्यापूर्वी शेतात प्रार्थना केली. पीक फार भारी आले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उधारी झाली नाही, बोंडे भरली, आणि कापणीच्या सणाला त्याने एक पायली करडई वेदीपुढे आणून ठेवली. ज्या शेजाऱ्याने नारळाची गोष्ट काढली होती, त्यानेच पुढे येऊन विचारले, "खत किती खोल पेरले होते?" त्या बंधूने त्याला पाभर उसनी दिली.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. कोरडवाहू पिकाला वरून टाकलेले खत का पोहोचत नाही?
२. करडईच्या एका एकराला युरिया किती व सुपर किती?
३. तेलबियांना डीएपीपेक्षा सुपर बरे, ते कोणत्या द्रव्यामुळे?
४. बी व युरिया एका चाड्यात का मिसळू नये?
५. दाखल्यातील माळ्याने मुदतीबरोबर काय कबूल केले? आपल्या मंडळीत असे खणणे व खत घालणे कोणाजवळ राहून गेले आहे?

पेरणाऱ्याला बी देणारा व भुकेलेल्याला भाकर देणारा देव तुमच्या हातांचे काम सफळ करो. आमेन.